बंब कोणाच्या बापाचा?



आग जात बघत नाही, असं शिकलेले लोक फार प्रेमानं सांगतात. आग बघत नसेल. पण बंब कुणाच्या पैशातून घेतात, तो कुठल्या गल्लीपर्यंत पोचतो, कुठल्या नाक्यावर अडकतो आणि नवा बंब कुठं उभा करायचा हे कोण ठरवतं, ते एकदा बघा. तिथं जात दिसते. तिचं कागदावरचं सभ्य नाव आहे मालमत्ता.

मी मॅट्रिक आहे. दिवसा बोटीतला माल उतरवतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. कायदा वकिलाकडून शिकलो नाही. वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर आणि फुकट वाचनालयाच्या पंख्याखाली बसून वाचला. कळायला जड जातो, पण कळतो. ज्यांना कविता कळते त्यांना अर्थसंकल्पही कळेल, कारण दोन्हीत खरी गोष्ट न लिहिलेल्या जागेत असते.

गोदीतला आहे म्हणून गोदीपासून सुरू करतो. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेब त्या दिवशी ५३ वर्षांचे झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट पेटली. बर्कनहेडहून निघालेली, कराचीमार्गे आलेली. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि वर कापसाच्या गासड्या. कुठल्या मालाशेजारी कुठला माल रचू नये हे आमच्या टोळीतल्या अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळतं. बोटीवर बंबवाले पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ बंबवाले गेले. म्हणून आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. बिगूल वाजतो, साहेब लोक छातीला बिल्ला लावतात. आपण त्याच दिवशी निळा झेंडा घेऊन रस्त्यावर असतो. दोन मिरवणुका शेजारून जातात, एकमेकींकडं बघत नाहीत.

त्या बोटीत सोनं होतं. ३१ पेट्या, १२४ विटा. पुढं कित्येक वर्षं गाळ उपसताना एखादी वीट सापडली की पेपरात बातमी यायची. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र कुणी आठशे सांगतो, कुणी तेराशे. सोनं नगावर मोजलं, माणसं अंदाजानं. नाक्यावरनं उचललेला रोजंदारीवाला कुठल्या यादीत सापडणार? डॉक लेबर बोर्डाचा कायदा यायला १९४८ उजाडलं. आता व्हिक्टोरिया डॉकही भरून टाकलाय. पण मोजायची ती रीत भरून टाकलेली नाही. तीच पुढं सांगतो.

१८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा बघा. इंग्रजानं केला, आजही चालतो. त्याच्या ६१ व्या कलमात म्युनिसिपालटीनं करायलाच हवीत अशी कामं लिहिलीत. गटार, पाणी, दिवाबत्ती, दवाखाने, आणि अग्निशमन दल. आगीत जीव आणि मालमत्ता दोन्ही वाचवायचं, असं त्यात आहे. छान आहे. पण खर्चाला पैसा कुठनं? तर आगीसाठीचा वाटा त्याच कायद्यानं घरपट्टीत धरलाय. म्हणजे वाचवायचा जीव आणि मालमत्ता, हिशेब धरायचा मालमत्तेचा. मग आला महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६ चा. अमलात आला ६ डिसेंबर २००८ ला. तारीख बघून मी वाचनालयात एकटाच हसलो. त्यातली अग्निशमन सेवा फी इमारतीच्या बांधकामावर बसते. ही फी २०१४ पासूनची वसूल करायचं मुंबई महापालिकेनं २०२१ साली काढलं, तेव्हा ओरडा झाला आणि वसुली थांबवली. टॉवरवाल्यांच्या कनवाळूंना एका आठवड्यात कंठ फुटला. आमच्या वस्तीत हायड्रंट नाही म्हणून तेवढ्या तडफेनं ओरडलेला एक माईचा लाल दाखवा.

इथं हमखास कुणीतरी म्हणतो, अहो, झोपडपट्टीवाले कर कुठं भरतात? फुकटात बंब मागता.

आता ऐक, शहाण्या. १ जुलै २०१७ पर्यंत या महापालिकेचं पोट भरत होतं जकातीवर. घरपट्टीवर नव्हे, जकातीवर. शहरात येणाऱ्या मालावर ती लागायची. गोदीतनं येणारा, ट्रकातनं येणारा, रेल्वेतनं येणारा. तो माल कुणाच्या पाठीवरनं उतरला? आणि तो शेवटी विकत कुणी घेतला? माझ्या आईनं नाक्यावरच्या दुकानातनं जी चप्पल घेतली, जो पत्रा घरावर टाकला, त्याच्या किमतीत जकात होती. पावती तिच्या नावानं फाटली नाही एवढंच. जीएसटी आला, जकात गेली. आता तिच्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं, म्हणजे तोच पैसा दिल्लीकडून, मंत्रालयाकडून फिरून येतो. काडेपेटी घेतली तरी जीएसटी भरतो आम्ही. आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेनं झोपडपट्टीतल्या दुकानांवर, गाळ्यांवर मालमत्ता कर लावायचं मांडलं. त्या अर्थसंकल्पाचा आकडा ७४ हजार कोटींच्या वर. कर घ्यायला झोपडी अधिकृत, बंब यायला अनधिकृत. हे गणित मॅट्रिकलाही सुटतं.

मुंबईच्या अग्निशमन दलाकडं नव्वद मीटरपर्यंत चढणारी शिडी आहे. असू दे. टॉवरमध्येही माणसंच राहतात, त्यांची मोलकरीण आमच्यातलीच असते, लिफ्टवालाही. पण साडेतीन फुटांच्या गल्लीत काय चढवायचं? ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवलीच्या दामूनगरात आग लागली. आदल्या दिवशी सगळी मुंबई चैत्यभूमीवर होती. सिलिंडर एकामागून एक फुटले, शेकडो झोपड्यांची राख झाली, दोन जीव गेले. जमीन वनखात्याची. मग रस्ता कुणी द्यायचा, पाण्याची लाईन कुणी टाकायची? वनखातं म्हणणार, अतिक्रमण आहे. म्युनिसिपालटी म्हणणार, वनखात्याची जमीन आहे. जमिनीला मालक दोन, आगीला मालक नाही. आणि पुनर्वसन म्हणून टॉवर दिला तर तिथंही तेच. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत खालच्या पार्किंगला पहाटे आग लागली आणि माणसं वर धुरात गुदमरली. झोपडीतनं काढून उभ्या झोपडीत टाकलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उगाच वाकडं घेतील. बंबवाला माझा दुश्मन नाही. तो माझ्यासारखाच अंगमेहनतीचा माणूस आहे आणि माझ्यापेक्षा धाडसी आहे. ९ मे २०१५ च्या काळबादेवीतल्या जुन्या लाकडी इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले. अधिकारी असून आत शिरले होते. तो शिरतो तेव्हा आत कोण आहे हे विचारत नाही. माझं भांडण आहे त्याच्या गाडीच्या वरच्या मजल्यावर बसलेल्याशी. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता गटाराकडं येऊ.

तुम्ही पेपरात वाचलं असेल, वर्षातनं कितीदा तरी येतं. सेप्टिक टँकमध्ये किंवा मेनहोलमध्ये उतरलेले दोन, तीन, चार कामगार गुदमरून मेले. आणि बातमीची शेवटची ओळ ठरलेली: अग्निशमन दलाच्या जवानांनी मृतदेह बाहेर काढले. ही ओळ आपण वाचून पान उलटतो. मी एकदा तिथंच थांबलो. बंबवाला खाली उतरतो तेव्हा त्याच्या पाठीला हवेची बाटली असते, तोंडाला मुखवटा, बी. ए. सेट म्हणतात त्याला. कमरेला दोर, वर दुसरा माणूस वेळ मोजत उभा. कारण त्याच्या साहेबाला माहीत असतं की खाली विषारी वायू आहे. अर्ध्या तासापूर्वी त्याच भोकात आपला माणूस उतरला, तेव्हा त्याच्या अंगावर चड्डी होती आणि पोटात, वास मरावा म्हणून, पावशेर. ठेकेदार वर उभा राहून बिडी पीत होता.

वायू एकच. खोली एकच. शहरही एकच, गटारही त्याचंच आणि बंबही त्याचाच. मेलेल्याला काढायला जो मुखवटा तिथं पोचतो, तो जिवंत माणूस उतरायच्या आधी का पोचत नाही? महाग आहे म्हणता? मग मढं काढायला परवडतो कसा?

कायदा नाही असंही नाही. २०१३ चा कायदा आहे, बिगरसाधनांनी माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टानं तेच तीस लाख केले. भाव वाढला. उतरणं थांबलं नाही. आणि यातली सगळ्यात कडू गंमत सांगतो. केंद्राच्या नगरविकासवाल्यांनी २०१९ साली राज्यांना कळवलं की प्रत्येक शहरात गटारासाठी आणीबाणीचं पथक उभारा, प्रशिक्षित माणसं, साधनं, गाड्या, आणि १४४२० हा नंबर. म्हणजे गटारासाठीचा बंबच की तो! सरकारला उत्तर ठाऊक आहे. कागदावर लिहूनही ठेवलंय. तुमच्या वस्तीत विचारून बघा, हा नंबर किती जणांनी ऐकलाय. मी आमच्या चाळीत विचारलं, एकानं सांगितलं, लॉटरीचा असेल.

मग हे पथक अग्निशमन दलासारखं कायम, पगारी, गणवेशातलं का होत नाही? माझं उत्तर सरळ आहे. बंब विझवतो ती आग सवर्णाच्याही घराला लागू शकते. गटारात सवर्ण उतरत नाही.

ॲम्ब्युलन्सचं वेगळं नाटक आहे. बंबाला निदान १८८८ चा कायदा आहे, एक मालक आहे, त्याच्या दारात जाऊन शिव्या देता येतात. ॲम्ब्युलन्सला बापच नाही, काके मात्र छप्पन. १०८ राज्याच्या आरोग्य खात्याची, पण चालवणार ठेकेदार. १०२ बाळंतिणींसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी. इस्पितळाची वेगळी, ट्रस्टची वेगळी, मंडळाची वेगळी, आणि नगरसेवकानं दिलेली, जिच्यावर रोग्याला झोपायला असलेल्या जागेपेक्षा साहेबांचा फोटो मोठा. तिच्यात डिझेल कोण टाकणार आणि ड्रायव्हरला पगार कोण देणार हे लोकार्पणाच्या दिवशी कुणी विचारत नाही. निवडणूक झाली की ती चाळीच्या मागं टायर बसवून उभी.

२०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राला गाड्या ९३७. राज्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीप्रमाणं सव्वाअकरा कोटी. भागाकार करा, एक लाख वीस हजार माणसांमागं एक गाडी. २०२४ ला नवा ठेका दिला, त्यावरनं बराच गदारोळ झाला. पण गदारोळ झाला तो ठेका कुणाला मिळाला यावरनं. ठेकाच का, हे विचारणारा आवाज बारीक होता. ड्रायव्हर बारा तास स्टेअरिंगवर, आत बसलेला डॉक्टरही ठेक्यावर. तो कुणाला उत्तर देणार? कंपनीला. कंपनी कुणाला? करारनाम्याला. तो करारनामा तुम्ही-मी बघितलाय?

आमच्या टोळीतली गोष्ट. कुठली गोदी ते लिहीत नाही, मला उद्या गेटपास लागतो. हॅचमध्ये माल भरत होतो, स्लिंग सरकली आणि पोती एका पोराच्या पायावर आली. गुडघ्याच्या खाली नुसता चेंदा. आत एक ॲम्ब्युलन्स उभी होती. ती परमनंट लोकांसाठी, ठेक्याच्या माणसाला न्यायचं तर साहेबाची सही हवी, आणि साहेब जेवायला गेलेले. १०८ लावला. ती आली, खरंच लवकर आली, ते नाकारत नाही. पण गेटवर थांबली, कारण तिच्याकडं आत यायचा पास नव्हता. गेटाच्या आत एक गाडी, बाहेर एक गाडी, मध्ये आम्ही सहा जण, पोराला ताडपत्रीत धरून. शेवटी तसंच उचलून गेटपर्यंत नेलं. पाय गेला. ठेकेदारानं त्याला आठ दिवसांची मजुरी दिली आणि हजेरीतनं नाव काढलं. वय एकवीस. आता सँडहर्स्ट रोडच्या बाहेर मोबाईलची कव्हरं विकतो आणि मला बघितलं की हसतो. मला त्या हसण्यावर अजून कविता लिहिता आलेली नाही.

हे एका साहेबाच्या जेवणाचं प्रकरण नाही हो. गोदीचा बंब वेगळा, केंद्राच्या हाताखालचा. शहराचा बंब महापालिकेचा. एमआयडीसीचा तिचा स्वतःचा, विमानतळाचा त्याचा. प्रत्येकानं आपापल्या मालाभोवती कुंपण घातलं आणि कुंपणाच्या आत बंब बांधून ठेवला, कुत्रा बांधतात तसा. माल ज्याचा, बंब त्याचा. माणूस मात्र दिवसातनं चार कुंपणं ओलांडतो.

आणि हे चालवतो कोण? राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ ला अमलात आली. तिच्यातल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत, सातवा अग्निशमन सेवा. हे शहरातल्या लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडं असावं अशी कल्पना. प्रत्यक्षात मुंबईत दलाचा प्रमुख आयुक्ताच्या हाताखाली, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ या शहराला निवडलेलं सभागृहच नव्हतं. तोच माणूस खर्च मांडायचा, तोच मंजूर करायचा, तोच करायचा. एका सहीनं. नगरसेवक काही धुतल्या तांदळाचे होते असं मी म्हणत नाही, पण निदान त्याच्या घरावर मोर्चा नेता यायचा. प्रशासकाच्या बंगल्यावर पोलीस असायचे.

दिल्लीनं ४ जुलै २०२३ ला राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना काढली. महाराष्ट्रासारख्या राज्यानं त्यात पंचवीस टक्के घालायचे. पैसा येईल, लाल चकचकीत गाड्या येतील, फीत कापतील. गाडीवर बसणारा माणूस कायम असेल की ठेक्यावर, आणि गाडी कुठल्या वस्तीच्या तोंडाशी उभी राहील, हे कोण विचारणार?

शहराबाहेरचं तर बोलायलाच नको. नगरपरिषदेकडं एखादा बंब, तोही आसपासच्या खेड्यांना वाटून. ग्रामपंचायतीकडं बादल्या. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं आगीत गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रोगी. सरकारच्याच इमारती, सरकारचाच कायदा. आणि १९७८ ला मराठवाड्यात, नामांतराचा ठराव झाल्यावर, आपल्या वस्त्या जाळल्या तेव्हा कुणाला वर्दी द्यायची होती? ज्यांच्या हातात टेंभे, त्यांच्याच हातात चावडी.

तेव्हा नुसतं चिडून भागणार नाही, चिडायला आपण जन्मापासून तयार आहोत. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो. तो छापला जातो, जाड असतो, भीती वाटते. वाटू द्या. प्रत्येक वस्तीतल्या दोन-तीन पोरांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, बस. विचारायचं एवढंच: आमच्या वस्तीला सगळ्यात जवळचं केंद्र किती किलोमीटरवर, आणि गेल्या वर्षी तिथनं आमच्याकडं वर्दीवर गाडी किती मिनिटांत आली. वस्तीत चालू हायड्रंट किती, नसेल तर कुणाच्या सहीनं नाही. या वॉर्डात गटारात उतरणाऱ्यांसाठी हवेच्या बाटल्या किती आहेत आणि त्या कुठल्या खोलीत कुलूपबंद आहेत. ॲम्ब्युलन्सच्या ठेक्याची प्रत द्या, तो अर्ज आरोग्य खात्याकडं वेगळा जाईल.

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणजे १४ एप्रिलच्या आत हातात येईल. दिलं नाही तर तेही उत्तरच. जयंतीच्या मंडपातल्या माईकवरनं ती उत्तरं वस्तीचं नाव घेऊन वाचायची. डीजे तेवढा अर्धा तास बंद ठेवा. आणि जवळच्या केंद्रावरच्या बंबवाल्यांनाही बोलवा, त्या दिवशी त्यांचीही ६६ माणसं आठवायची असतात.